नवा बूट उतरणीवर पारखावा

पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बुटांविषयीची पत्रे वाढतात. गडकिल्ल्यांचे बेत ठरत असतात, दिवाळीनंतर हिमालयात जाणाऱ्यांची खरेदी चालू असते आणि नवे बूट खोक्यातून बाहेर निघालेले असतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातला प्रश्न बहुतेकांचा आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. नोव्हेंबरच्या मध्यात आम्ही सात मैत्रिणी दार्जिलिंगजवळच्या सांदकफू शिखराच्या ट्रेकला जाणार आहोत. त्यासाठी घोट्यापर्यंत येणारे नवे ट्रेकिंगचे बूट घेतले आणि चार दिवस रोज तासभर घरात घालून फिरले. बाकी सगळे ठीक वाटते, पण उजव्या पायाची करंगळी बाजूला घासते. दुकानदार म्हणाले की वापराने बूट सैल होतील. निघायला अजून सहा आठवडे आहेत. हे बूट कुठे आणि कसे वापरून पाहावेत? ते माझ्या पायाचे नाहीत हे केव्हा ठरवावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण सहा आठवडे आधी विचारलेत हे फार चांगले झाले. अनेकांचे पत्र परत आल्यावर येते, आणि तेव्हा फोडांवर फुंकर घालण्यापलीकडे काही करता येत नाही.

आधी करंगळीचे पाहू. बुटाच्या आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि ट्रेकला घालणार तेच मोजे घालून तिच्यावर उभ्या राहा. टाच मागच्या कडेला नेमकी बसवा आणि पूर्ण भार त्या पायावर द्या. करंगळी किंवा चवड्याची कड गादीच्या बाहेर जात असेल, तर बूट आपल्या पायाला अरुंद आहे. कातडी बूट वापराने थोडा ताणतो, कापडी भागही किंचित सैलावतो. पण आजच्या बहुतेक ट्रेकिंग बुटांना पुढे आणि बाजूने ठेच लागू नये म्हणून रबराची पट्टी चिकटवलेली असते आणि ती सहसा हलत नाही. करंगळी त्या पट्टीच्या जागी घासत असेल, तर दुकानदारांचे म्हणणे इथे लागू पडणार नाही. बूट अजून घराबाहेर गेलेला नाही, तेव्हा तो लगेच बदलून घ्या. लांबीबद्दल तर शंकाच नको, कारण बूट वापराने लांबीला वाढत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे बुटावर जो नंबर असतो तो लांबीचा असतो. इंग्लिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर; रुंदीविषयी तो नंबर काहीच सांगत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीय पाय परदेशी साच्यांच्या मानाने रुंद असल्याचे आढळले. म्हणून करंगळी घासते म्हणून आपण एक नंबर मोठा घेतला, तर रुंदी जेमतेम वाढेल, पण टाच मागे उचलू लागेल आणि एका दुखण्याच्या जागी दोन येतील. त्याच लांबीचा, पण पुढे पसरट असलेला दुसरा जोड मागा. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरात ते याहून अधिक सुजतात. दोन्ही पाय घालून पाहा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि माप त्या मोठ्या पायाचे धरायचे असते.

समजा जोड बदलून झाला आणि गादीच्या परीक्षेत तो उतरला. आता वाटेवर न्यायचा. पहिला आठवडा इमारतीचा जिना पुरे. चार मजले चढा, उतरा, आणि उतरताना लक्ष पायाच्या बोटांकडे ठेवा. चढताना बूट फारसा बोलत नाही. चढावर टाच किंचित उचलते एवढेच कळते. बोटांवर भार येतो तो उतरताना, कारण पाय आत पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला नखांचा बुटाच्या टोकाशी संबंध येतो. आपल्या सांदकफूच्या वाटेवर हेच निर्णायक ठरणार आहे. पायथ्याच्या मानेभंज्यांगकडून ३६३६ मीटरपर्यंत चढायला आपल्याला काही दिवस मिळतात, पण श्रीखोलाकडे उतरताना दीड हजार मीटरच्या आसपास उंची फारच कमी वेळात सोडावी लागते. त्या दिवशी जे बोट बुटाला टेकेल त्याचे नख काळे होईल. म्हणून नवा बूट पारखायचा तो उतरणीवर, आणि चांगल्या लांब उतरणीवर.

दुसऱ्या आठवड्यात माथेरान घ्या. आंबेवाडीकडून वन ट्री हिलला चढणारी, शिवाजी लॅडर म्हणून ओळखली जाणारी वाट निवडा आणि त्याच वाटेने उतरा. वर पठारावर मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे जांभ्याच्या लाल मातीत आरामात दोन-तीन तास चालता येते आणि बूट सपाटीवर कसा वागतो हेही कळते. या दिवशी पाठीवर फक्त पाणी आणि डबा असू द्या, आणि पिशवीत जुने, सवयीचे बूट किंवा निदान पट्ट्यांच्या सँडल ठेवा. बूट चावू लागला तर ते बदलायचे आणि उरलेली वाट सुखाने चालायची. दात-ओठ खाऊन शेवटपर्यंत नवा बूट पायात ठेवल्याने तो लवकर रुळतो ही समजूत मी अनेकदा ऐकली आहे. त्याने बूट रुळत नाही, पाय मात्र सोलून निघतात.

तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात नाणेघाट करा आणि त्या वेळी सॅकमध्ये सांदकफूला नेणार तेवढे वजन भरा. भार वाढला की पाऊल पसरते, कमान थोडी खाली बसते आणि रिकाम्या पाठीने सैल वाटलेला बूट एकदम आवळू लागतो. वैशाखऱ्याकडून वर येणारी ही वाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे. वरच्या टप्प्यातले दगड शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत. सांदकफूच्या वाटेतही दगडी, आणि आता काँक्रीटच्याही, रस्त्याचे लांब पट्टे लागतात आणि तिथे तळव्याला जो सततचा कडक मार बसतो, त्याची कल्पना ठाण्याच्या आसपास नाणेघाटाइतकी कुठे येणार नाही. वर गुहेतला शिलालेख पाहा, दगडी रांजणापाशी बसा, बूट-मोजे काढून पाय वाळू द्या, आणि उतरायला लागण्यापूर्वी नाड्या नव्याने बांधा.

नाड्या बांधणे ही किरकोळ गोष्ट नाही. चवड्यावर नाडी सैल ठेवा, म्हणजे बोटांना पसरायला जागा राहते. जिथे पाऊल संपून नळी सुरू होते, त्या वळणावर दोन्ही नाड्या एकमेकींभोवती एकदा नव्हे, दोनदा फिरवा आणि ओढून घट्ट करा. दोन वेढे पडले की घर्षणानेच ती जागा धरून राहते आणि वरची नाडी सोडली तरी खालची ढिली होत नाही. मग वरच्या आकड्यांतून नेऊन गाठ मारा. असे बांधल्यावर टाच मागच्या खोबणीत बसून राहते आणि उतरताना पाऊल पुढे धावत नाही. उतारावर तीन-चार पावले मुद्दाम जोराने टाकून पाहा. तरीही अंगठा टोकाला लागत असेल, तर बूट आखूड आहे. नखे मात्र दोन दिवस आधी सरळ रेषेत कापलेली हवीत, नाहीतर दोष नखांचा आणि शिक्षा बुटाला असे व्हायचे.

फोड कसा येतो हे मी एकदा फार जवळून पाहिले. रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे जाताना आमच्यातल्या एका मुलीने आदल्या दिवशी घेतलेले बूट घातले होते. कात्राबाईच्या खिंडीच्या चढाला लागेपर्यंत ती काही बोलली नाही. खिंडीत बसून तिने मोजा सोलला, तेव्हा टाचेवर रुपयाएवढी त्वचा पांढरी, ओली आणि सुरकुतलेली होती आणि मोज्याच्या सुती धाग्यांची नक्षी तिच्यात उमटली होती. तासाभरापूर्वी तिला तिथे “नुसते गरम” वाटले होते. तो तासच महत्त्वाचा होता. घामाने भिजलेली त्वचा मोज्याला चिकटते, आतले हाड प्रत्येक पावलाला मागेपुढे होते आणि त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून त्यांच्यात पाणी भरते. म्हणून ‘गरम’ वाटताक्षणी थांबायचे, गटाला थांबवायचे, पाय पुसून कोरडा करायचा आणि औषधांच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी, कोपरे गोल कापून, सुरकुती न पडू देता लावायची. फोड आलाच तर त्याचे कातडे सोलू नये आणि चिकटपट्टी थेट त्याच्यावर लावू नये. मधुमेह असलेल्यांनी फोडावर स्वतः काहीही न करता डॉक्टरांकडे जावे. सुती मोजे घरी ठेवा. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे ओलावा पायापाशी धरून ठेवत नाहीत.

आता आपला शेवटचा प्रश्न, की कधी ठरवावे. नाणेघाटाहून परतल्यावर त्याच संध्याकाळी पाय पाहा. नुसता थकवा आणि सगळीकडे सारखा लालसरपणा असेल तर काळजी नको, पुढच्या दोन आठवड्यांत तो जाईल. पण माथेरानला जिथे लागले होते तिथेच पुन्हा लागले असेल, तर तो बूट आपला नाही. पैसे गेल्याचे वाईट वाटेल. तरीही जुने, रुळलेले बूट घेऊनच सांदकफूला जा, आणि तेही नसतील तर दुसरा जोड घ्यायला अजून दोन आठवडे हातात आहेत. सहाव्या आठवड्यात मात्र कोणताही नवा प्रयोग नको.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. साठवलेल्या पैशांतून खोल खाचांचे महाग बूट घेतले आणि ऑगस्टमध्ये अजिंक्यताऱ्यावर घालून गेलो. चिखलात उत्तम चालले, पण ओल्या कातळावर दोनदा सपशेल घसरलो. माझा मित्र स्वस्तातल्या हंटर बुटांवर माझ्या पुढे सहज चालत होता. माझी फसवणूक झाली का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फसवणूक झाली असे मला वाटत नाही. बुटाच्या तळाकडून दोन वेगळी कामे अपेक्षित असतात आणि ती एकमेकांच्या विरोधात जातात, हे विकताना फारसे कोणी सांगत नाही, एवढेच.

चिखलात आणि भुसभुशीत मातीत खाचांमधले रबराचे दाते रुततात आणि पकड मिळते. खाचा जितक्या खोल आणि दाते जितके विरळ, तितकी पकड चांगली आणि चिखलही तितका लवकर झडतो. कातळात मात्र काहीच रुतत नाही. तिथे पकड येते ती रबर दगडाच्या बारीक खडबडीतपणात किती दबून बसते त्यावरून. म्हणजे रबर मऊ हवे आणि दगडाला टेकणारा पृष्ठभाग जास्त हवा. खोल खाचांच्या, विरळ दात्यांच्या तळाचा थोडासाच भाग कातळाला टेकतो, आणि तळ जास्त टिकावा म्हणून रबर कडक वापरलेले असेल तर तोही नीट दबत नाही. आपल्या मित्राच्या बुटाचा तळ बहुधा मऊ आणि बारीक नक्षीचा असावा. तो लवकर झिजेल, पण झिजेपर्यंत आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टवर चांगला धरील. आपल्याकडचे अनेक जुने डोंगरभटके आजही साध्या बुटांवर खूश असतात ते उगीच नाही.

तळाच्या रबराला जिवाचे मोल आहे, हे युरोपातल्या गिर्यारोहकांना फार मोठी किंमत मोजून कळले. १९३५ मध्ये आल्प्समध्ये इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले, आणि त्याला त्यांची अपुरी पादत्राणे बऱ्याच अंशी कारण ठरली. तोवर चामड्याच्या तळाला खिळे ठोकलेले बूट किंवा कातळासाठी कापडी तळाची हलकी पादत्राणे असा दुहेरी प्रकार चालत असे. ब्रामानी यांनी टायर बनवणाऱ्या पिरेली यांच्या साहाय्याने खाचांचा रबरी तळ घडवला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. ‘विब्रम’ हे नाव त्यांच्याच नावातून आले आहे. १९५४ साली के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन मोहिमेच्या पायांतही हे तळ होते. आपल्या बुटाच्या खाचांचा वंश तिथे जाऊन मिळतो.

आणखी एक शक्यता आहे. अगदी नव्या तळावर साच्यातून आलेली गुळगुळीत चकाकी असते. डांबरी रस्त्यावर आणि खडबडीत मुरमावर काही किलोमीटर चालल्यावर ती जाते आणि पकड सुधारते. आपण बूट थेट ओल्या गडावर नेलेत, तेव्हा दोष काही अंशी या चकाकीचाही असू शकेल.

आता हे करा. पायथ्याजवळ गुडघ्याएवढ्या उंचीचा, तिरका, शेवाळ नसलेला दगड शोधा. पडलात तरी लागणार नाही असा. त्याच्यावर बाटलीतले पाणी ओता. पूर्ण तळवा टेकवून, गुडघे किंचित वाकवून, भार सरळ खाली देत उभे राहा आणि हळूहळू अधिक तिरक्या जागी सरका. बूट कुठे सुटतो ते आपल्या पायाला कळेल आणि ती आठवण गडावर कामाला येईल. घाबरून मागे झुकून टाचेवर उतरणारे अधिक घसरतात, कारण तळाचा जेमतेम चौथा हिस्सा दगडाला टेकलेला असतो. हिरव्याकाळ्या शेवाळावर मात्र कोणत्याही बुटावर विसंबू नका. तिथे शेजारच्या गवताच्या झुबक्यावर किंवा खाचेत पाऊल टाकावे, आणि कड्याच्या काठाशी तसा टप्पा असेल तर मागे फिरावे.

हे बूट फेकू नका. भुसभुशीत माती, जंगलवाट, घसारा यांवर ते मित्राच्या बुटांपेक्षा उजवे ठरतील. पावसाळ्यातल्या कातळासाठी पुढे जमेल तेव्हा दुसरा जोड पाहा.

प्रश्न : माझे नवे जलरोधक बूट पहिल्याच पावसाळी भटकंतीत आतून भरले आणि दोन दिवस वाळले नाहीत. ते सदोष आहेत का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुधा नाहीत. एकदा घरी बादलीत घोट्याच्या खालपर्यंत बूट बुडवून पाच मिनिटे उभे राहा. मोजा कोरडा राहिला, तर बुटाच्या आतला जलरोधक पडदा शाबूत आहे. आपल्याकडच्या पावसात पाणी बुटातून येत नाही, ते पोटरीवरून ओघळत मोज्यातून वरून आत उतरते. आणि ओढा गुडघाभर असेल तर बोलायलाच नको. जो पडदा बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तो आत साचलेले पाणीही बाहेर जाऊ देत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून फक्त वाफ जाते आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत तीही मंदच जाते. असे पडदे १९६९ मध्ये अमेरिकी संशोधक बॉब गोर यांना गवसलेल्या ताणलेल्या टेफ्लॉनमधून आले; त्यांचा खरा उपयोग थंड, कोरड्या हवेत आणि बर्फात होतो. आपल्या पावसाळ्यात मी स्वतः जाळीचे, पाणी लगेच निथळणारे बूट वापरतो आणि मोज्यांचे दोन जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेतो. भिजलेल्या बुटातली गादी काढून ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर दोन तासांनी बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो.

प्रश्न : माझ्या मुलाने परदेशातून आणलेले बूट मी आठ वर्षे खोक्यात जपून ठेवले होते. निवृत्तीनंतर साल्हेरला जाताना पहिल्यांदा घातले. निम्म्या वाटेवर दोन्ही तळ अक्षरशः भुगा होऊन निघाले. एकदाही न वापरलेला बूट असा कसा जातो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण ते जपून ठेवलेत म्हणूनच असे झाले, हे लिहिताना मला वाईट वाटते. तळ आणि वरचा भाग यांच्यामधली मऊ गादी पुष्कळ चांगल्या बुटांत पॉलियुरेथेनची असते. ती आरामदायक आणि टिकाऊ असते, पण हवेतली आर्द्रता वर्षानुवर्षे तिच्यात मुरत राहते आणि तिची रासायनिक साखळी तुटत जाते. बूट वापरात असला तर गादी दबते, सुटते आणि ओलावा बाहेर पडत राहतो. बंद खोक्यात, कपाटाच्या तळाशी तो आतच राहतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि पहिल्या भाराखाली गादी चुरते. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच, १५६७ मीटरच्या गडावर आपल्यावर ही वेळ आली आणि आपण सुखरूप उतरलात, याचे समाधान आहे.

बरीच वर्षे ठेवलेला कोणताही जोड, न वापरलेला असला तरी, गडावर नेण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून मधोमध चांगला वाकवा. गादीच्या कडेला बारीक चिरा दिसल्या, नखाने टोचल्यावर कण सुटले किंवा तळ आणि गादी यांच्यामध्ये फट उघडली, तर तो घालू नका. या परीक्षेत उतरला तरी आधी एक आठवडा रोज रस्त्यावर चालवा आणि मग पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून पाहा. नवे बूट घ्याल तेव्हा ते खोक्याबाहेर, हवेशीर जागी ठेवा आणि महिन्यातून दोनदा तरी पायात घाला. आणि सॅकच्या कप्प्यात दोन-तीन मीटर मजबूत नायलॉनची दोरी असू द्या. तळ निघालाच तर तो बुटाखाली धरून दोरी चवड्यावरून आणि घोट्यामागून दोनदा आवळली की सावकाश चालत पायथ्याचे गाव गाठता येते. साल्हेरच्याच वाघांब्याच्या वाटेवर मी एकाला तसे उतरवले आहे, आणि दोरी खाली पोचेपर्यंत टिकली.